उरलेल्या डब्यांचा हिशेब: तौक्तेनंतर एका वाडीतल्या अकरा पातींची दुरुस्ती

16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या समोरून उत्तरेकडे सरकलं. गुजरातच्या किनाऱ्यावर ते धडकलं 17 मेच्या रात्री, पण त्याआधीच मालवण-देवगडच्या बाजूला व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. हे प्रकरण मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गाबीत (मच्छीमार समाजाच्या) वाडीचं आहे. माणसांची नावं लिहिलेली नाहीत, त्यांची गरजही नाही. मी त्याच वाडीतला. सामानाची वही तेव्हा माझ्याकडे होती, म्हणून हे लिहिणं माझ्याकडे आलं.

वाडीत फायबरच्या अकरा पाती, म्हणजे मासेमारीच्या लहान होड्या, होत्या. वादळात काहींचे नांगर सुटले आणि त्या एकमेकींवर घासल्या, एक जेटीच्या दगडांवर आदळली, एकीवर माड पडला. तीन पाती जबर फुटल्या. पाचांचं वरचं कातडं, म्हणजे जेलकोट, जागोजागी निघालं होतं आणि आतली मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, दिसत होती. उरलेल्या तीन ओढून वर घेतलेल्या होत्या, त्या वाचल्या.

एरवी दुरुस्तीला वेळ असतो. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते आणि त्या काळात पाती शाकारून किनाऱ्यावरच पडलेल्या असतात. त्या वर्षी करोनाचे निर्बंध होते. मुंबई-कोल्हापूरहून येणारा माल वेळेवर येईना, आणि जो येई तो आधीच कुणीतरी सांगून ठेवलेला असे. वादळाने सगळ्या किनाऱ्यालाच एकदम रेझिन, म्हणजे मॅटमध्ये मुरून कडक होणारा राळेसारखा द्रव, हवं झालं होतं. पाऊस तर दारात आला होता. फायबरच्या कामाला कोरडा पृष्ठभाग लागतो, तेव्हा हाताशी असलेले उघाडीचे दिवस वाया घालवून चालणार नव्हतं.

वाडीतल्या प्रत्येक घरात मात्र मागच्या कामांतलं काही ना काही पडलेलं होतं. दुकानात रेझिन घ्यायचं तर कॅनभर घ्यावं लागतं आणि पातीला लागतं त्यातलं थोडंच. रंगाच्या पेस्टचं तर विचारूच नका, वापर चमचाभराचा आणि खरेदी डब्याची. उरलेलं माळ्यावर जातं, गोठ्यात जातं, न्हाणीघराच्या मागे जातं. एका वयस्कर काकांनी विषय काढला तो असा: "माझ्याकडे निळ्याचो डबो आसा, पण तो कधीचो ता माका ठाऊक नाय." बाकीचं सगळं प्रकरण या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यातून उभं राहिलं.

पडवीतली तपासणी

एका संध्याकाळी सगळ्यांनी आपापलं सामान एका घराच्या पडवीत आणून ठेवलं. रेझिनचे कॅन, जेलकोटचे डबे, मॅटचे तुकडे, रोविंगची (विणलेल्या काचतंतूंची) गुंडाळी, पेस्टचे छोटे डबे, ब्रश, रोलर. एकाने हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं रसायन, आणला तो पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. पाण्यासारखाच पारदर्शक, वर चिठ्ठी नाही. शेजारच्या गावातून एक फायबर कारागीर आला होता, गोव्यात बोटींच्या कामावर काही वर्षं काढलेला. त्याने आधी ती बाटली उचलून बाहेर नेली आणि मुलांना पडवीतून हाकललं. मग म्हणाला, हे डोळ्यात गेलं तर डोळा जाईल, आणि कोबाल्टमध्ये, म्हणजे रेझिन लवकर धरावं म्हणून त्यात घालायच्या द्रावणात, थेट पडलं तर स्फोट होईल. तो घाबरवत नव्हता. हार्डनर म्हणजे एमईकेपी, हे सेंद्रिय पेरॉक्साइड आहे आणि त्याची कोबाल्टशी सरळ गाठ पडली की भडका किंवा स्फोट होतो. म्हणून कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि हार्डनर त्यानंतर टाकायचा. दोन्ही एका फळीवर ठेवायचे नाहीत, दोन्हीला एकच चमचा वापरायचा नाही. पाण्याच्या बाटलीत हार्डनर देण्याघेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट तीच आहे, आणि ती अजून कित्येक वाड्यांत चालू आहे.

मग एकेक कॅन उघडला. पॉलिएस्टर रेझिन न वापरताही म्हातारं होतं. सावलीत, थंड जागी ते काही महिने टिकतं. पत्र्याच्या छपराखाली कोकणातला मे महिना काढला की त्याचं आयुष्य बरंच कमी होतं. एका कॅनच्या तळाला साबुदाण्याच्या खिरीसारख्या गुठळ्या झाल्या होत्या, तो तिथेच बाजूला गेला. दुसरा वरून चांगला दिसत होता, पण काठी घातली तर तार सुटायची. बाकीच्यांची परीक्षा कारागिराने घेतली. प्रत्येकातलं 50 ग्रॅम रेझिन नारळाच्या करवंटीत घेतलं, त्यात 1 ग्रॅम हार्डनर, म्हणजे 2 टक्के, आणि घड्याळ लावून बसला. हार्डनरचं माप औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा.

या करवंट्यांनी जे सांगितलं ते कुणाच्याही आठवणीतून मिळालं नसतं. एका करवंटीतलं रेझिन साधारण वीस मिनिटांनी धरू लागलं, म्हणजे ठीक. एक संध्याकाळभर पातळच राहिलं, त्यात कोबाल्ट कधी घातलाच नव्हता. एक पाच मिनिटांच्या आत कडक होऊन हात लावता येणार नाही इतकं तापलं. दुकानातून कोबाल्ट घातलेलं रेझिन आलं होतं आणि मालकाने ते साधं समजून आणखी घातला होता. कोबाल्ट घातलेल्या रेझिनला गुलाबी-जांभळट झाक असते. ती ओळखता येते, पण जुन्या, पिवळटलेल्या मालात ती लपते. डब्यावर दोन ओळी लिहिलेल्या असत्या तर ही संध्याकाळ लागलीच नसती.

मॅटचंही तसंच. फाटक्या प्लॅस्टिकमधून ओल लागलेली मॅट उन्हात वाळवली तरी कारागिराने ती बाजूलाच ठेवली. ओलाव्याने मॅटवरचं बांधण बिघडलं की रेझिन नीट मुरत नाही आणि थरात पांढरे डाग राहतात. रोविंगची गुंडाळी घरात, कापडात ठेवलेली होती. ती पूर्ण कामाला आली.

कुठे वापरायचं, कुठे नाही

इथे मतभेद झाले. माड पडलेल्या पातीच्या पठाणाशेजारी, म्हणजे तळाच्या कण्याशेजारी, आरपार चीर होती. मालकाला घाई होती. घर त्या पातीवरच चालत होतं आणि समोर चालणारं रेझिन दिसत होतं. कारागीर आणि दोन जुने तांडेल (पात चालवणारे) ठाम राहिले की पाण्याखालचं, जोर सोसणारं काम उरल्यासुरल्या मालावर करायचं नाही. करवंटीत रेझिन धरलं म्हणजे ते पुढची पाच वर्षं पाण्यात टिकेल असं सिद्ध होत नाही. शिवाय त्यातलं कुठलं आयसो आणि कुठलं साधं ऑर्थो, हे कुणी सांगू शकत नव्हतं. आयसोफ्थॅलिक रेझिन पाण्याला जास्त दाद देत नाही, ऑर्थोमध्ये कालांतराने फोड येण्याचा धोका अधिक. ती पात ताज्या आयसो रेझिनसाठी थांबवली. ती ऑगस्टातही उशिरा उतरली आणि त्या घराला त्या महिन्याचा फटका बसला. तोवर इतर पातींवर त्या मालकाला आळीपाळीने घेतलं गेलं.

मला हा निर्णय बरोबर वाटतो आणि तो सोपा नव्हता हेही सांगायला हवं. उरलेलं सामान वाटून घेण्याच्या उत्साहात ही रेघ पुसट होते. पाण्यावरचं कातडं, डेकवरचे ओरखडे, काठाच्या चिपा इथे जुना, तपासलेला माल चालतो. जिथे पात उघडली तर माणूस बुडतो, तिथे कॅनवरची तारीख आणि प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला असला पाहिजे.

लाकडी होड्यांच्या काळात हा प्रश्न असा नव्हता. उंडीचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल वर्ष-दोन वर्षं राहिलं तरी तेलच राहतं, शेजाऱ्याला दिलं तरी डोळे मिटून लावता येतं. मागून आणायची सवय आमच्या हातात त्या काळापासून आहे, आणि फायबर आल्यावर आम्ही ती तशीच्या तशी रेझिनला लावली.

निळ्याची गोष्ट

रंगाचा भाग सोपा जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. अकरापैकी बहुतेक पाती एकाच कारखान्यातल्या, एकाच साच्यातल्या, सगळ्या आकाशी निळ्या. काकांच्या डब्यातला जेलकोटही त्याच निळ्याचा. जेटीवर आदळलेल्या पातीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, दोन वितींचं खपल, म्हणजे फुटून निघालेली जागा, आधी भरून घेतलं. कडा ग्राइंडरने लांबवर उतरत्या केल्या, गोड्या पाण्याने मीठ धुतलं, ताडपत्रीखाली वाळू दिलं. रात्रभर त्या जागेवर पारदर्शक प्लॅस्टिक कडेने चिकटवून ठेवलं. सकाळी आतून दव धरलेलं दिसलं, म्हणजे मॅटमध्ये अजून ओल आहे. आणखी दोन दिवस बल्बची ऊब दिली. प्लॅस्टिक कोरडं राहिलं तेव्हाच थर चढवले. पावसाळी हवेत ही एक परीक्षा कुणीही करू शकतो, तिला पैसे लागत नाहीत.

त्यावर काकांच्या डब्यातला निळा मारला. दुसऱ्या दिवशीही तो बोटाला चिकटत होता आणि भोवतालच्या रंगापेक्षा सरळ सरळ गडद दिसत होता.

चिकटण्याचं कारण लवकर कळलं. तो साच्यात मारायचा जेलकोट होता. साच्यात त्याची एक बाजू साच्याला लागलेली असते आणि दुसरीवर मॅट येते, त्याला हवा लागत नाही. उघड्यावर मारला की हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा पापुद्रा पूर्ण पिकत नाही, म्हणजे कडक होत नाही. एक तर त्यात मेणाचं द्रावण मिसळावं लागतं, नाहीतर वरून हवा तोडावी लागते. मेण नव्हतं. कारागिराने ॲसिटोनने चिकट थर पुसून खरवडला, पुढच्या वेळी ओल्या जेलकोटवर जाड, गुळगुळीत पारदर्शक प्लॅस्टिक पसरलं, मधून कडेकडे हाताने हवा काढली आणि पिकल्यावर सोललं. खालचा पृष्ठभाग कोरडा आणि चकचकीत निघाला. डब्यावर "साच्याचा" एवढा शब्द लिहिलेला असता तरी एक दिवस वाचला असता.

गडदपणाचं कारण पातीत होतं. काकांचा डबा माळ्यावर अंधारात होता आणि पात कितीतरी वर्षं उन्हात. जेलकोटचा वरचा थर उन्हाने खडूसारखा होतो, हात फिरवला तर बोटाला पांढरं लागतं, आणि रंग फिका दिसतो. प्रत्येक पात वेगळी उतरलेली होती. झापांच्या सावलीत राहणारी पात जवळजवळ नवीच दिसत होती. उघड्यावर राहणाऱ्या एका पातीच्या तर दोन बाजूंचे दोन निळे झाले होते, कारण ती ओढून ठेवायची जागा ठरलेली आणि दुपारचं ऊन कायम एकाच बाजूवर. अकरा पातींचा रंग एक आहे ही समजूत तिथे मोडली. कारखान्यात एक होता, एवढंच खरं.

पुढचं काम मी जवळून पाहिलं आणि ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. कारागिराने खपलाच्या शेजारी तळहाताएवढा तुकडा आधी 800 नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने, मग 1200 ने घासला आणि रबिंग कंपाउंडने चमकवला. खडू निघाल्यावर खालून जो निळा आला, तो जुळवायचा. खडूच्या रंगाशी जुळवलं असतं तर पुढे कधी पॉलिश केल्यावर ठिगळ उठून दिसलं असतं. तो आतला निळाही काकांच्या डब्यापेक्षा किंचित फिका आणि मळका होता.

मग पेस्ट. निळी पेस्ट फार जहाल असते, थेंबाथेंबाने रंग उडी मारतो. म्हणून निळ्यात पांढरा टाकत बसण्याऐवजी पांढऱ्या जेलकोटमध्ये निळा टाकायचा. वाडीतल्या सोनारकाम करणाऱ्या घरातून काटा आणला, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. पहिली छटा फार झळाळणारी आली. ती बसवायला एकाने काळी पेस्ट पुढे केली. कारागिराने आधी नारिंगी मागितली. निळ्याला त्याच्या समोरच्या रंगाने शांत करता येतं, काळ्याने तो लगेच मरगळतो. नारिंगीची पेस्ट एका तळाशी लागलेल्या डब्यातून खरवडून मिळाली.

प्रत्येक छटेचं थोडं मिश्रण हार्डनर घालून प्लॅस्टिकवर पसरलं, पिकल्यावर टिकली सोलून काढली. ओला रंग बघून ठरवायचं नाही, कारण पिकल्यावर छटा सरकते. टिकली आणि पात दोन्ही पाण्याने ओल्या करून टिकली पातीला लावायची, म्हणजे चकाकीतला फरक नाहीसा होतो आणि नुसता रंग दिसतो. रात्री ट्यूबलाइटखाली एक टिकली तंतोतंत वाटली आणि मालक लावायला निघालाही. "रंग जुळता काय, ता सकाळी उजेडात बघूया," असं एका तांडेलाने म्हटलं म्हणून थांबला. सकाळी तीच टिकली हिरवट निघाली. ट्यूबखाली सारखे दिसणारे दोन रंग उजेडात वेगळे पडू शकतात. शेवटी जी टिकली बसली तिचं माप वहीत असं आहे: पांढरा जेलकोट 200 ग्रॅम, निळी पेस्ट 3.4 ग्रॅम, नारिंगी 0.3 ग्रॅम, हार्डनर मारायच्या आधी 2 टक्के. टिकली वहीच्या पानाला चिकटवली आणि खाली पातीचं नाव आणि कुठली बाजू ते लिहिलं.

मारल्यावर कडा पुन्हा घासून पॉलिश खपलाच्या पलीकडे हातभर नेलं. कडा दिसते ती रंगापेक्षा चकाकीच्या फरकाने, म्हणून चकाकी हळूहळू उतरत न्यायची. नाळेवरचा नोंदणी क्रमांक, आयएनडी-एमएचने सुरू होणारा, त्या खपलात निम्मा गेला होता. तो त्याच मापाच्या अक्षरांत पुन्हा काढला. क्रमांक पुसट असलेली पात समुद्रात गस्तीला सापडली की मालकाला त्रास होतो. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात दहशतवादी मासेमारी बोटीतून आल्यानंतर नौकांची ओळख लांबून पटावी यावर किनाऱ्यावर बराच भर आला, रंगसंकेतही त्यातूनच आले. म्हणजे ठिगळाला हाताला लागेल तो रंग मारून मोकळं व्हायची सोय तशीही नाही.

देण्याघेण्याचं

सर्वांत जास्त डबे निघाले ते ज्याच्या पातीला काहीच झालं नव्हतं त्याच्याकडे. टापटिपीचा माणूस, म्हणूनच पात वर ओढलेली होती आणि म्हणूनच सामानही झाकून ठेवलेलं होतं. त्याने काही न बोलता सगळं दिलं. पुढे माल येऊ लागल्यावर परतफेडीचा विषय निघाला तेव्हा एकजण त्याला नवीन कॅन द्यायला गेला, तर तो म्हणाला, "माझो जुनो डबो घेतलंस, नवो कित्याक देतंस?"

यावर बरीच चर्चा झाली. जुन्या रेझिनचं आयुष्य थोडंच उरलेलं असतं. ते वापरलं गेलं नसतं तर दिवाळीपर्यंत फेकावंच लागलं असतं. त्या हिशेबाने ग्रॅमला ग्रॅम परत मागणं घेणाऱ्यावर जड. पण काहीच परत केलं नाही तर पुढच्या वर्षी नीट झाकून ठेवायची उमेद कोणाला राहील? शेवटी असं ठरलं की रेझिन आणि जेलकोट घेतलेल्या वजनाच्या निम्मं ताजं परत द्यायचं. रंगाची पेस्ट नीट झाकली तर रेझिनपेक्षा बरीच जास्त टिकते, म्हणून ती पूर्ण वजनाने. रोविंगही पूर्ण. हार्डनर देवघेवीत धरायचाच नाही. तो दरवर्षी मे महिन्यात वाडीसाठी एकत्र, कंपनीच्या मूळ बाटलीत आणायचा आणि एकाच घरी, कुलपात, कोबाल्टपासून लांब ठेवायचा.

मी वहीत तारखेने नोंद केली म्हणून ही वाटणी भांडणाशिवाय झाली. तोंडी हिशेबावर ती टिकली नसती असं मला वाटतं. माणसं खोटी नव्हती. त्या महिन्यात जो तो इतका दमलेला होता की कुणी किती करवंट्या भरून नेलं हे त्यालाच आठवत नव्हतं.

तेव्हापासून डब्यावर पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलने लिहिलं जातं, कारण शाईचं पेन रेझिनच्या वाफेने पसरतं. आणल्याची तारीख, आयसो की ऑर्थो, कोबाल्ट आहे की नाही, साच्याचा की वरून मारायचा, शेवटचं वजन. सहा महिन्यांपुढचा डबा करवंटीच्या परीक्षेशिवाय कुणी कुणाला देत नाही. बिघडलेलं रेझिन पूर्वी खाडीत जायचं. आता त्यात हार्डनर घालून उघड्यावर, थोडं थोडं करून कडक केलं जातं. सगळं एकदम केलं तर ते पेट घेण्याइतकं तापतं.

एक गोष्ट आजही जमलेली नाही. काही पातींच्या काठाला लाल पट्टा आहे. निळा जुळतो, पांढरा तर सगळ्यांना जमतो, पण लाल उन्हात इतका वेगवेगळा उतरतो की एकाच पट्ट्यात वीतभर अंतरावर दोन लाल सापडतात. वहीत लालाच्या टिकल्यांचं एक पान भरलं, त्यातली एकही बसली नाही. सध्या पट्टा फुटला की नाळेपासून मागपर्यंत ती अख्खी बाजू घासून नव्याने मारतात. त्याला जेलकोट बराच लागतो, म्हणून लाल तेवढा दोन-तीन मालक मिळून एकाच वेळी, एकाच घाण्यात कालवून घेतात.